डंबेलवरचा आकडा आणि दंडातला भार

"बेटकुळी काढून दाखव पाहू," असे कोणी म्हटले, की चार वर्षांचे पोरही लगेच कोपरातून हात दुमडते, मूठ आवळते आणि दंड पुढे करते. नववी-दहावीत आल्यावर हीच हौस मुलांना व्यायामशाळेच्या दारापर्यंत नेते. तेथे गेल्यावर बहुतेकांच्या हातात प्रथम येते ते डंबेल, आणि प्रथम केला जातो तो व्यायाम म्हणजे डंबेल मुठीत धरून हात कोपरातून दुमडणे व पुन्हा सरळ करणे. या व्यायामाला 'बायसेप्स कर्ल' म्हणतात. मुलांच्या भाषेत 'बायसेप मारणे'. दिसायला याहून सोपा व्यायाम सापडणे कठीण. तरीही मला असे म्हणावयाचे आहे, की हा व्यायाम करणाऱ्यांपैकी पुष्कळजण तो करीतच नाहीत. ते फक्त वजन खालून वर नेतात. या दोन गोष्टींत फरक आहे, आणि तो समजून घ्यायला शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकातला तरफेचा धडा पुरेसा आहे.

हे मी इतरांना नावे ठेवण्यासाठी लिहीत नाही. चाळिशी उलटल्यावर मीही व्यायामशाळेत जाऊ लागलो. महिन्या-दोन महिन्यांत दहा किलोग्रॅमचे डंबेल आठ वेळा वर नेऊ लागलो आणि मनातून खूश झालो. एके दिवशी तेथल्या शिक्षकांनी मला भिंतीशी उभे केले. टाचा भिंतीपासून वीतभर पुढे. कंबर, पाठ आणि दंडांची मागची बाजू भिंतीला टेकलेली. "आता उचला, सर," ते म्हणाले. डंबेल अर्ध्या वाटेवर आले आणि तेथेच अडले. काही केल्या पुढे सरकेना. शेवटी सहा किलोग्रॅमचे डंबेल घेतले, तेव्हा कसेबसे आठ वेळा जमले. मग उरलेले चार किलोग्रॅम इतके दिवस कोण उचलत होते? तरफेचे तीन प्रकार वर्षानुवर्षे फळ्यावर काढणाऱ्या माणसाला हा प्रश्न पडण्यासाठी पाठीशी भिंत लागावी, याची मला त्या दिवशी थोडी लाजच वाटली.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी प्रथम आपल्या हाताकडे यंत्र म्हणून पाहू.

तरफेला तीन गोष्टी लागतात : टेकू, भार आणि बल. आपल्या हातात कोपर हा टेकू, मुठीतले डंबेल हा भार, आणि बल लावणारा ठळक स्नायू म्हणजे दंडाच्या पुढच्या बाजूचा द्विशिरस्क स्नायू, म्हणजेच आपली बेटकुळी. त्याच्या खाली दडलेला एक स्नायू आणि कोपराखालच्या हातावरचा आणखी एक स्नायू त्याला मदत करतात. पण हिशेब सोपा व्हावा म्हणून आपण सगळे बल बेटकुळीच्या जागी लागते असे धरू. या स्नायूची दोरीसारखी चिवट कंडरा कोपर ओलांडून पुढे येते आणि कोपराखालच्या हातातील अंगठ्याच्या बाजूच्या हाडाला चिकटते. हात काटकोनात दुमडून दुसऱ्या हाताची बोटे कोपराच्या खोबणीत ठेवा. ही ताठ दोरी तुमच्या बोटांना स्पष्ट लागेल. कोपराच्या सांध्यापासून तिच्या ओढीचे अंतर सुमारे चार सेंटिमीटर असते. म्हणजे टेकू एका टोकाला, भार दुसऱ्या टोकाला आणि बल त्या दोहोंच्या मध्ये, तेही टेकूच्या अगदी जवळ. ही झाली तिसऱ्या प्रकारची तरफ. चिमट्याची सख्खी बहीण.

आता थोडे गणित करू. कोपरापासून मुठीच्या मध्यापर्यंतचे अंतर ३० सेंमी आणि डंबेल ५ किलोग्रॅमचे आहे असे समजा. हात काटकोनात आहे, म्हणजे कोपरापासून मुठीपर्यंतचा भाग जमिनीला समांतर आहे. बल आणि त्याचे टेकूपासूनचे लंबांतर यांच्या गुणाकाराला बलाचे परिबल म्हणतात. डंबेलच्या वजनाचे परिबल ५ × ३०, म्हणजे १५०. ते तोलण्यासाठी स्नायूला ४ सेंमी अंतरावरून तेवढेच परिबल निर्माण करावे लागते. १५० भागिले ४ म्हणजे ३७.५. याचा अर्थ, मुठीत पाच किलोग्रॅमचे वजन असताना दंडातला स्नायू साडेसदतीस किलोग्रॅम वजनाइतके बल लावीत असतो! हाताचे स्वतःचे वजन हिशेबात धरले तर आकडा आणखी थोडा वाढेल. आणि स्नायू हात वर ओढतो ३७.५ ने, डंबेल खाली ओढते ५ ने. मग उरलेले ३२.५ किलोग्रॅमचे बल कोठे गेले? ते कोपराच्या सांध्यावर दाब म्हणून पडते. डंबेलवर कोरलेला '५' हा आकडा यांपैकी काहीच सांगत नाही.

हे गणित आजचे नाही. इटलीतील जोव्हान्नी आल्फोन्सो बोरेल्ली (१६०८–१६७९) या शास्त्रज्ञाने प्राण्यांच्या हालचालींवर लॅटिन भाषेत एक मोठा ग्रंथ लिहिला. तो त्याच्या मृत्यूनंतर १६८० व १६८१ साली दोन भागांत प्रसिद्ध झाला. स्नायू थोड्या बलाने मोठे भार उचलतात असा समज त्या काळी होता. बोरेल्लीने तरफेच्या नियमाने नेमके उलट दाखवून दिले : स्नायूंना भाराच्या कितीतरी पट बल लावावे लागते. मग निसर्गाने अशी तोट्याची तरफ का बरे पत्करली? कारण बलातला तोटा वेगात भरून निघतो. स्नायू एक सेंटिमीटर आखडला, की मूठ साडेसात सेंटिमीटर हलते. चेंडू फेकणे, तबला वाजवणे, तोंडावर बसलेली माशी हाकलणे या सर्वांत आपण याच वेगाचा फायदा घेत असतो. डंबेल उचलताना मात्र त्या फायद्याची किंमत मोजावी लागते.

आता या हिशेबातली खरी खोच पाहा. आपण काटकोनाची स्थिती घेतली होती. हात सरळ खाली लोंबत असेल तर डंबेल कोपराच्या बरोबर खाली येते. लंबांतर शून्य, म्हणून परिबलही शून्य. हात तेथून ३० अंशांनी दुमडला, की लंबांतर १५ सेंमी आणि परिबल ७५ होते. ६० अंशांना ते १३० च्या आसपास जाते आणि ९० अंशांना १५०, म्हणजे कमाल. त्यापुढे मूठ खांद्याकडे येऊ लागली की परिबल पुन्हा उतरू लागते. चार सेंटिमीटरचे ते छोटे अंतरही कोपराच्या कोनाप्रमाणे कमी-जास्त होते, काटकोनाच्या आसपास ते मोठे असते; पण मुख्य मुद्दा त्याने बदलत नाही. डंबेल तेच, हात तोच, पण स्नायूवरचा भार क्षणाक्षणाला बदलतो. या वाटेवर मधोमध एक चढ आहे, आणि माझे डंबेल भिंतीशी अडले ते नेमके त्या चढावर.

मग भिंत नसताना मी तो चढ कसा ओलांडत होतो? झटक्याने! कंबरेतून किंचित पुढे वाकायचे, मग एकदम मागे रेलायचे. त्या हिसक्याने डंबेल खालूनच वेग घेऊन निघते. किती वेग पुरतो ते काढू. हात सरळ असल्यापासून काटकोनात येईपर्यंत डंबेल ३० सेंमी वर चढते. एखाद्या वस्तूने केवळ सुरुवातीच्या वेगावर ०.३ मीटर वर चढावे यासाठी लागणारा वेग २ × ९.८ × ०.३ याच्या वर्गमुळाइतका, म्हणजे सेकंदाला सुमारे २.४ मीटर असतो. झोका देऊन एवढा वेग सहज मिळतो. म्हणजे खालच्या टोकाशी, जेथे दंडाला जवळजवळ काहीच करावे लागत नाही, तेथे पाय, कंबर व पाठ यांनी डंबेलला गतिज ऊर्जा द्यायची, आणि त्या ऊर्जेवर डंबेलने कमाल परिबलाची जागा आपोआप ओलांडायची. वर पोहोचेपर्यंत चढ मागे पडलेला असतो. दंडाने काय केले? फारतर वाट दाखवली! माझे ते चार किलोग्रॅम कोण उचलत होते, याचे उत्तर हे असे आहे.

आता तेच डंबेल सावकाश उचला. तळापासून खांद्यापर्यंत जायला दोन सेकंद लागू द्या. मुठीचा वेग सेकंदाला ४० सेंमीच्या आसपास राहील. एवढ्या वेगातली गतिज ऊर्जा डंबेलला एक सेंटिमीटरसुद्धा वर चढवू शकत नाही. म्हणजे उरलेले एकोणतीस सेंटिमीटर दंडाला स्वतःच्या बळावर, एकही इंच न चुकवता, चढावे लागतात. सावकाश करा, कोपर हलवू नका, मागे रेलू नका, असे व्यायामशिक्षक सांगतात, ते शिस्तीसाठी किंवा छान दिसावे म्हणून नव्हे. त्या प्रत्येक सूचनेमागे परिबलाचा नियम उभा आहे. कोपर पुढे सरकला तर काय होते पाहा. वरच्या टोकाशी मूठ कोपराच्या बरोबर वर येते, लंबांतर शून्य होते आणि डंबेल हाडांवर निवांत विसावते. स्नायूला सुट्टी!

येथे कोणी विचारील, झटका देणे म्हणजे काही गुन्हा आहे काय? मुळीच नाही. बाजारात धान्याचे पोते पाठीवर घेणारा हमाल पाहा. तो गुडघे वाकवतो, पोत्याला लयीत एक हिसका देतो आणि त्या हिसक्यासरशी पोते पाठीवर येते. तो शहाणा आहे. दिवसभरात त्याला अशी कितीतरी पोती हलवायची असतात, आणि एका लहान स्नायूऐवजी सारे अंग कामाला लावणे यातच त्याची कमाई आणि पाठ दोन्ही टिकतात. ऑलिंपिकमधले भारोत्तोलकही पायांपासून खांद्यांपर्यंत सगळी ताकद एका क्षणात एकवटतात. त्यांच्या स्पर्धेचा हेतूच तो आहे. पण बायसेप्स कर्लमध्ये वजन वर पोहोचवणे हे साध्यच नाही. तसे असते तर डंबेल टेबलावर ठेवून दिले असते तरी चालले असते! येथे वजन हे साधन आहे आणि दंडातल्या स्नायूवर भार पडणे हे साध्य आहे. साधन वर गेले आणि साध्य खाली राहिले, तर त्याला यश कसे म्हणावे?

शिवाय या फसवणुकीची किंमत दुसऱ्याच अवयवाला मोजावी लागते. दोन्ही हातांत पाच-पाच किलोग्रॅमची डंबेले काटकोनात धरली, की कण्याच्या पुढे सुमारे ३० सेंमीवर दहा किलोग्रॅमचा भार येतो. कंबरेमागच्या स्नायूंची भुजा फक्त पाचेक सेंटिमीटरची. तोच तरफेचा नियम लावला तर पाठीच्या स्नायूंवर आणखी साठ किलोग्रॅमचा ताण पडतो. सरळ उभ्या राहिलेल्या निरोगी माणसाची पाठ हा ताण सोसते. पण वजन झेपण्यापलीकडचे असेल आणि दर खेपेला कंबर पुढे-मागे हिसकली जात असेल, तर धडाच्या वजनाचे परिबल त्यात मिळते आणि वर झटक्याचे बलही. दंड मोठा करायला गेलेला मुलगा कंबर धरून परततो तो यामुळे.

आतापर्यंत आपण फक्त वर जाण्याचा विचार केला. खाली येण्याचे काय? बहुतेक मुले डंबेल वर गेले की काम झाले असे समजतात आणि हात सोडून देतात. समजा, डंबेल २० सेंमी मोकळे पडू दिले आणि नंतरच्या १० सेंमीमध्ये सावरून थांबवले. ऊर्जेचा हिशेब मांडा : थांबवण्यासाठी लागणारे सरासरी बल वजनाच्या तिप्पट येते. म्हणजे पाच किलोग्रॅमचे डंबेल त्या क्षणी मुठीला पंधरा किलोग्रॅमचे होऊन ओढते, आणि तो हिसका कोपराच्या सांध्याला व कंडरेला बसतो. याउलट तीन सेकंद घेऊन डंबेल सावकाश उतरवले, तर स्नायू लांबत असतानाही भार पेलत राहतो, आणि तोही व्यायामच असतो.

स्नायूंच्या या उतरत्या कामाविषयी एक सुंदर प्रयोग १९५२ साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाला. अ‍ॅबट, बिगलँड आणि रिची या तिघांनी दोन स्थिर सायकली पाठीला पाठ लावून ठेवल्या आणि साखळीने एकमेकींना जोडल्या. एकाने पायडल पुढे मारायचे, दुसऱ्याने त्याला विरोध करीत राहायचे. दोघांच्या पायांवरचे बल सारखेच आणि वेगही सारखाच. फरक एवढाच, की पहिल्याचे स्नायू आखडत बल लावीत होते आणि दुसऱ्याचे स्नायू लांबत बल लावीत होते. दोघांनी श्वासातून किती ऑक्सिजन वापरला हे मोजले, तेव्हा विरोध करणाऱ्याला पायडल मारणाऱ्याच्या मानाने फारच थोडा ऑक्सिजन लागल्याचे दिसले. स्नायू लांबत असताना थोड्या खर्चात मोठे बल पेलू शकतो, हे त्यातून स्पष्ट झाले. आपल्या दृष्टीने याचा अर्थ असा : जे डंबेल उचलताना आपली दमछाक होते, ते सावकाश उतरवणे आपल्याला नक्की झेपते. तरीही ते सोडून देणारा निम्मा व्यायाम फुकट घालवतो, आणि वर सांध्याला हिसका विकत घेतो. मात्र एक लक्षात ठेवा. सवय नसताना हे उतरते काम फार केले, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दंड चांगलेच ठणकतात. म्हणून सुरुवात हलक्या वजनाने करावी.

मग हा व्यायाम करावा तरी कसा? पाय खांद्यांच्या खाली येतील एवढे अंतर ठेवून सरळ उभे राहा. गुडघे ताठ आवळू नका, पोट किंचित आत ओढून धरा. दंड बरगड्यांशी आणि कोपर जागच्या जागी ठेवा. तळहात पुढे करा. मनगट मागे किंवा पुढे मोडू देऊ नका. श्वास सोडत दोन सेकंदांत डंबेल वर आणा, कोपर पुढे पळत नाही ना याकडे लक्ष ठेवा, वर क्षणभर थांबा. मग श्वास घेत तीन सेकंदांत हात जवळजवळ सरळ होईपर्यंत उतरवा. श्वास कोंडून धरू नका. असे दहा-बारा वेळा करता येईल तेच आपले वजन. सातव्या खेपेला कंबर हलू लागली, तर वजन जास्त आहे हे समजा आणि निःसंकोच हलके डंबेल घ्या.

तळहात वर का करावयाचा, याचेही कारण आहे. बेटकुळीचा स्नायू दोन कामे करतो : तो कोपर दुमडतो, आणि तळहात वरच्या बाजूला फिरवतोही. हात काटकोनात ठेवा, तळहात जमिनीकडे करा आणि दुसऱ्या हाताने दंड पकडा. आता तळहात जोराने आकाशाकडे वळवा. कोपराचा कोन बदलला नाही, तरी बेटकुळी टुणकन वर येते! उजव्या हाताने स्क्रू घट्ट पिळताना आपण हीच हालचाल करतो. म्हणूनच उजव्या हाताला स्क्रू पिळण्यात, तो सैल करण्यापेक्षा, अधिक जोर लावता येतो.

शिक्षक मित्रांना माझी येथे एक विनंती आहे. तरफेचा धडा शिकवताना आपण कात्री, अडकित्ता आणि चिमटा यांची चित्रे काढतो आणि पुढे जातो. त्या तासाला एक दिवस मुलांचा हातच शिकवून पाहा. तीस सेंटिमीटरची लाकडी पट्टी घ्या. शून्याच्या खुणेजवळ भोक पाडून ती खिळ्यावर सैल अडकवा. चार सेंटिमीटरच्या खुणेशी दोरा बांधून तो ताणकाट्याला जोडा आणि २८ सेंटिमीटरवर १०० ग्रॅमचे वजन टांगा. ताणकाटा सरळ वर ओढून पट्टी आडवी करा. काटा ७०० ग्रॅमच्याही पुढे जाईल. पट्टीचे स्वतःचे वजन किती भर घालते ते मुलांनाच शोधू द्या. नंतर वर्गातला एक मुलगा आणि एक मुलगी भिंतीशी उभी करा आणि पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली, म्हणजे साधारण एक किलोग्रॅम, त्यांच्या हातात द्या. एकदा सावकाश, एकदा झटक्याने. बाकीच्यांनी कोपरावर आणि कंबरेवर नजर ठेवावी. हाती मोबाइल असेल तर बाजूने चित्रण करावे आणि थांबवलेल्या चित्रावर कोनमापक लावून कोन मोजावेत. खांद्यापासून ओळंबा सोडला, की कोपर किती पळाला तेही दिसेल. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, अनुदानही लागत नाही. विज्ञानाचे शिक्षक आणि खेळाचे शिक्षक एका तासापुरते एकत्र यावेत, एवढेच लागते.

पालकांच्या मनात एक भीती घर करून असते, की वाढत्या वयात वजने उचलली तर उंची खुंटते. जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, झेपेल तेवढ्या वजनाने आणि योग्य पद्धतीने केलेल्या व्यायामाने असे घडते याला पुरावा मिळालेला नाही. दुखापती होतात त्या बहुधा झेपेनाशा वजनांमुळे, चुकीच्या पद्धतीमुळे आणि जवळ कोणी शिकवणारे नसल्यामुळे. तेव्हा 'हात लावू नकोस' असे म्हटल्याने मूल डंबेलपासून दूर राहत नाही. ते मित्राच्या घरी, कोणी पाहत नसताना, मित्राहून जड वजन उचलायला जाते. धोका आहे तो तेथे.

आता शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. दर वर्षी प्रयोगशाळेत मी विद्यार्थ्यांना साध्या लंबकावरून गुरुत्वत्वरण काढायला सांगतो. उत्तर ९८० च्या आसपास यावयाचे, हे सर्वांना ठाऊक असते. काहीजण लंबक नीट हलवतात, आंदोलने मोजतात आणि त्यांचे उत्तर ९५० किंवा १०१० येते. काहीजण मात्र ९८० पासून उलटे गणित करीत निरीक्षणांचा तक्ता भरतात. त्यांची वही देखणी दिसते. पण त्या वहीत लंबक कोठेच नसतो! झटक्याने उचललेले दहा किलोग्रॅमचे डंबेल मला त्या वहीसारखे वाटते. आकडा बरोबर आहे. ज्याचा तो आकडा म्हणून सांगितला जातो, ते मात्र घडलेलेच नाही.

आणि यात दोष एकट्या मुलांचा नाही. वही तपासताना आम्ही आधी उत्तर पाहतो. ९८० दिसले की बरोबरची खूण करतो. व्यायामशाळेत मुले एकमेकांना विचारतात, "किती मारतोस?" दोन्हीकडे प्रश्न एकच : किती? 'कसे केलेस?' हे फार थोडे लोक विचारतात. मोजमापाला अर्थ येतो तो ते कोणत्या अटींत घेतले यामुळे. तापमान न सांगता हवेतला ध्वनीचा वेग सांगण्यात जसा अर्थ नाही, तसाच कोपर, कंबर आणि वेग न सांगता 'दहा किलो मारतो' म्हणण्यातही नाही. योग्य पद्धत ही व्यायामाची सजावट नव्हे. त्या प्रयोगाच्या त्या अटी आहेत. अटी पाळल्या, तरच या महिन्यातले सहा आणि पुढल्या महिन्यातले सात यांची तुलना करता येते, आणि आपण खरोखर पुढे गेलो की नाही हे कळते.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या दंडातल्या स्नायूला डंबेलवरचा आकडा वाचता येत नाही. त्याला कळते ते फक्त परिबल. मित्रांना फसवता येईल, आरशालाही फसवता येईल. पण जो भार स्नायूवर पडलाच नाही, त्याचे बळ त्याच्यात येणार नाही. मी आता सहा किलोग्रॅमवरून सातवर आलो आहे. शेजारी उभी राहणारी मुले बारा-पंधराची डंबेले हवेत भिरकावतात, तेव्हा माझे सात बघून त्यांना हसू येत असावे. पण माझी पाठ भिंतीला टेकलेली असते आणि ते सातच्या सात किलोग्रॅम माझ्या दंडानेच उचललेले असतात. उद्या तुम्हीही एकदा भिंतीशी उभे राहून पाहा. जो आकडा येईल तो वहीत लिहा, आणि खाडाखोड करू नका.